नव्या डिझाइनची वही: बुटीक नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

बुटीक सुरू होऊन दोन महिने झाले की मोबाइलमध्ये हजारभर स्क्रीनशॉट साठलेले असतात. समोर बसलेली बाई म्हणते, “परवा तुम्ही ती फुग्याच्या बाहीची दाखवली होती ना, तसं हवंय.” मग पाच मिनिटं अंगठा वर-खाली होतो. फोटो सापडत नाही. सापडला तरी ते कापड कोणतं, किती लागतं, आपल्या कारागिराला ते जमेल का, याचा पत्ता नसतो.

हे लेखन ब्लाउज आणि कुर्ती शिवून देणाऱ्या छोट्या दुकानासाठी आहे: दोन-तीन मशीन, एखादा कारागीर, हातकामाला बाहेरचं कुणीतरी, आणि गाव तालुक्याचं. नव्या डिझाइनचा माग ठेवायला मोठ्या कंपन्या लंडनच्या डब्ल्यूजीएसएनसारख्या, पुढे काय चालेल याचे अंदाज देणाऱ्या संस्थांना वर्गणी भरतात. आपल्याला एक वही, एक कात्री आणि आठवड्याचे अडीच तास पुरतात.

आधी हद्द आखा

पहिले सहा महिने एकाच वस्तूचा माग ठेवा. ब्लाउज शिवत असाल तर फक्त ब्लाउज. लेहंगा, गाऊन, मुलांचे कपडे सगळं एकदम टिपायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात वही बंद पडते. ब्लाउजपासून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. साडी बहुतेकींची आईची, सासूची किंवा लग्नातली असते. ती वर्षानुवर्षं तीच राहते आणि नवेपणा हवा असतो तो ब्लाउजलाच.

पहिली पायरी: डिझाइन फोडून लिहा

“छान डिझाइन” अशी नोंद निरुपयोगी. कुठलाही ब्लाउज सात जागी वेगळा असू शकतो, आणि नोंद याच सात जागांची करायची: कट, म्हणजे छातीला आकार कसा दिलाय ते (चार टक्स, कटोरी, प्रिन्सेस), पुढचा गळा, पाठीचा गळा, बाही, कापड, सजावट (पायपिंग, लेस, आरी वर्क म्हणजे आकडीच्या सुईचं भरतकाम, लटकन) आणि बंद कुठे आहे ते, म्हणजे हुक पुढे, हुक मागे की बाजूला चेन.

सातवी जागा नवखे हमखास विसरतात. फोटोत पाठ पूर्ण बंद, पुढे बोट नेक, बाजू दिसत नाही. मग बाईने तो घालायचा कुठून? बाजूला चेन असेल तर लपती चेन लावावी लागते, काखेखाली अस्तराची पट्टी द्यावी लागते, आणि पुढे छाती वाढली तर तिथे उसवायला माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, उरत नाही. आपल्याकडे ब्लाउज दर दोन वर्षांनी उसवून सैल करतात, हे विसरून चालत नाही.

नावांचा घोळ इथेच मिटवा. गिऱ्हाईक “फुग्याची बाही” म्हणतं, कॅटलॉगवर “पफ स्लीव्ह” असतं, कारागीर “चुण्यांची बाही” म्हणतो. तिन्ही एकच असेल तर वहीत एकच नाव ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही शब्द एका ओळीत लिहून ठेवा. पान गळा, मटका गळा, चौकोनी, व्ही, स्वीटहार्ट यांची छोटी रेघाटी चित्रं त्याच पानावर काढा. मटका गळा म्हणजे नक्की किती गोल, यावर दुकानदुकानात मतभेद आहेत. तुमच्या दुकानात ते नसावेत.

दुसरी पायरी: बघायच्या जागा ठरवा

डिझाइन वरून खाली येतं असं शिकवतात: रॅम्प, मग सेलिब्रिटी, मग बाजार. ते अर्धंच खरं आहे. तुमच्यापर्यंत ते पोचतं तेव्हा त्यातला कट बदललेला असतो, कापड तर ओळखू येत नाही. तरीही वरचा टप्पा ठाऊक असावा, कारण तो वेळ सांगतो.

परदेशातले चार मोठे फॅशन वीक न्यू यॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमाने होतात: फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या हिवाळ्याचे कपडे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या उन्हाळ्याचे. म्हणजे तिथे सहा महिने आधी दाखवतात. आपल्याकडे २००० साली सुरू झालेला लॅक्मे फॅशन वीक वर्षातून दोनदा, साधारण मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमाराला होतो. ब्लाउजवाल्यांनी मात्र जुलैअखेरचा दिल्लीचा कूचर वीक बघावा. तो लग्नाच्या कपड्यांचा असतो आणि तुळशीच्या लग्नाला तेव्हा साडेतीन महिने बाकी असतात. नमुना शिवायला एवढा अवधी पुरेसा आहे. वर्षभर रॅम्प बघत बसू नका. त्या आठवड्यात दोन संध्याकाळी दिल्या की झालं.

सेलिब्रिटी लग्नांचा परिणाम मात्र खरा आणि टिकाऊ असतो. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्माने फिकट गुलाबी लेहंगा घातला, एप्रिल २०२२ मध्ये आलिया भट्टने हस्तिदंती ऑर्गेन्झाची साडी, दोन्ही डिझायनर सब्यसाचीचे. फिकट रंगातली नवरी हे तोवर आपल्याकडे पटकन पचणारं नव्हतं. आता पिस्ता आणि बेबी पिंक पैठणी मागणाऱ्या मुली दुकानात येतात. अशा एका फोटोची नोंद करताना रंग, कापड आणि दागिन्यांची जोड लिहा, कट नव्हे. खाली येतो तो रंग.

रंगांबद्दल एक सूचना. रंगांना क्रमांक देणारी पँटोन कंपनी दर डिसेंबरात पुढच्या वर्षाचा रंग जाहीर करते. २०२५ साठी मोका मूस नावाचा तपकिरी होता. त्यावर विसंबून कापडाचं थान उचलू नका. आपल्या बाजाराचे रंग कॅलेंडर ठरवतं: हळदीला पिवळा, संक्रांतीला काळा, नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ. नवरात्राचे रंग घटस्थापना कोणत्या वारी येते त्यावरून ठरतात, त्यामुळे ते आधीपासून ठाऊक असतात, आणि तरी दरवर्षी शेवटच्या आठवड्यात राखाडी ब्लाउजपीससाठी धावाधाव होते.

बाजार हा सगळ्यांत विश्वासू साक्षीदार. कारण तिथे माल ठेवणाऱ्याने पैसे गुंतवलेले असतात. कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केट, लेस-लटकन-बटणांसाठी भुलेश्वर, साड्या आणि ड्रेस मटेरियलला दादरचा हिंदमाता, पुण्यात रविवार पेठ आणि लक्ष्मी रोड, कोल्हापूरकरांना गांधीनगर, नागपुरात गांधीबाग. सिंथेटिक साडी आणि कुर्तीचा उगम सुरतेच्या रिंग रोडवरच्या मार्केटांत. दर तिमाहीत एकदा यातल्या एका ठिकाणी जा, आणि पहिल्या फेरीत काही विकत घेऊ नका. नुसतं फिरा आणि मोजा: वीस दुकानांपैकी किती दुकानांनी टिश्यू (जरीच्या तारेचं पातळ, चमकदार कापड) दर्शनी भागात लावलाय? मागच्या वेळी किती होता? काउंटरवर विचारायचा प्रश्न “नवीन काय?” हा नाही. त्याचं उत्तर नेहमी “हे बघा ताई, सगळं नवीनच” असं मिळतं. विचारा, “रिपीट काय जातंय?” जे दुकानदारांनी परत मागवलंय, ते चाललंय.

रेडिमेडच्या साइटी घरबसल्या बघता येतात. मिंत्रा, आजिओ, मीशोवर ब्लाउज उघडा, “नवीन आधी” अशी क्रमवारी लावा, पहिले साठ बघा. तीन खुणा वाचायला शिका. मधली मापं संपलेली आणि टोकाची शिल्लक: माल खपतोय. सगळी मापं शिल्लक आणि सत्तर टक्के सूट: फसलाय. आणि ग्राहकांनी टाकलेले फोटो: खऱ्या अंगावर ते डिझाइन कसं बसतं ते तिथेच कळतं. मॉडेलच्या फोटोत पाठीमागे चिमटे लावून कपडा ओढलेला असतो, म्हणून पुढून एकही सुरकुती दिसत नाही. तसं फिटिंग शिवून देण्याचं वचन कुणाला देऊ नका.

गुगल ट्रेंड्स फुकट आहे आणि फार कमी जण वापरतात. तिथे शब्द टाकून राज्य महाराष्ट्र आणि कालावधी पाच वर्षं निवडा. आलेख ० ते १०० असा सापेक्ष असतो. १०० म्हणजे शंभर जणांनी शोधलं असं नव्हे, तर त्या काळातलं सर्वाधिक. एका वर्षाचा आलेख बघितला तर दिवाळीतला उंचवटा “ट्रेंड” वाटतो. पाच वर्षांचा बघितला की दर दिवाळीला तसाच उंचवटा दिसतो. हे दोन ओळखता आले पाहिजेत. लोक बहुधा इंग्रजी स्पेलिंगने शोधतात, तेव्हा तसंही टाकून बघा.

निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षणसंस्थेच्या व्हिजिओनेक्स्ट उपक्रमाचा ‘परिधी’ हा भारतीय कल-अहवाल २०२४ साली आला. तो चाळण्यासारखा आहे, मुख्यतः शब्द शिकायला.

खोटे फोटो

आता पिंटरेस्टवरचे कितीतरी ब्लाउज कधी शिवलेच गेलेले नाहीत; ते संगणकाने काढलेली चित्रं असतात. गिऱ्हाईक ते दाखवून “अस्संच” मागतं. फोटो मोठा करा आणि चार गोष्टी बघा. खांद्याची शिवण दिसते का? बाही आणि मुंढा जिथे मिळतात तिथे नक्षी तुटते का? खऱ्या कपड्यात ती तुटते, चित्रात ती पाण्यासारखी वाहत जाते. आरी वर्कचे टाके मोजता येतात की नुसता चकचकीत लगदा आहे? दोन कानातले झुमके सारखे आहेत का? शंका आली की गुगल लेन्सने तो फोटो शोधा. मूळ दुकान, पाठीची बाजू, दुसरा कोन काहीच सापडत नसेल तर वहीत “चित्र” अशी खूण करा. करता येणारच नाही असं नाही, पण पाठ आणि बंद तुम्हालाच ठरवावे लागतील, आणि हे गिऱ्हाइकाला ऑर्डर घेतानाच सांगायचं.

लेन्सचा दुसरा उपयोग म्हणजे फोटोचं वय. “लेटेस्ट २०२६” लिहून फिरणारे फोटो पुष्कळदा पाच-सहा वर्षांपूर्वीचे निघतात.

तिसरी पायरी: वही

आडव्या पानांची, दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची वही घ्या. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पण नोंद वहीत. कारागिराला वही पुढ्यात ठेवून काम करता येतं, मोबाइलचा पडदा विझतो आणि मधेच फोन येतो. प्रत्येक डिझाइनला एक क्रमांक द्या: ब्ला-२६-०४७, म्हणजे ब्लाउज, २०२६ साल, सत्तेचाळिसावं. हाच क्रमांक फोटोच्या नावात, कापडाच्या तुकड्यावर, नमुन्याच्या पुठ्ठ्यावर आणि बिलावर. चार ठिकाणी एकच क्रमांक, ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची शिस्त. ती मोडली तर बाकीचं करून उपयोग नाही.

पानावर एवढं असावं: क्रमांक, तारीख, कुठे पाहिलं, सात जागांचं वर्णन, पुढचं आणि पाठीचं रेघाटी चित्र, कापड किती, अस्तर किती, शिवायला किती वेळ, आणि पानाच्या तळाशी रिकामा चौकोन: “काय बिघडलं”. हा चौकोन सुरुवातीला रिकामाच राहतो. वर्षभरात तोच सगळ्यात वाचनीय होतो.

एक पान जवळून बघू. ब्ला-२६-०४७: चार टक्स, पुढे चौकोनी गळा, मागे पान गळा आणि डोरी, कोपरापर्यंत फुग्याची बाही, टिश्यू, पायपिंग, हुक पुढे. साडीतला ब्लाउजपीस ८० सेंमी, म्हणजे साडेएकतीस इंच लांब, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच. छाती ३४ असेल तर पुढचे दोन आणि पाठीचे दोन भाग पन्ह्यात एका रांगेत जेमतेम बसतात आणि लांबीतले साधारण १६ इंच खातात. उरले साडेपंधरा. दंडाचा घेर १२ असेल तर फुग्याला दीडपट, म्हणजे १८ इंच, अधिक माया. दोन बाह्या शेजारी-शेजारी ठेवल्या तर ४४ च्या पन्ह्यात बसल्या. बाहीची लांबी मायेसकट १४ ते १५ इंच. झालं, पीस संपला. गळ्याच्या पायपिंगला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टीसुद्धा उरली नाही. ती वेगळ्या कापडाची.

आता तेच छाती ४० ला. पुढचे-पाठीचे भागच एका रांगेत बसत नाहीत. म्हणजे हे डिझाइन ८० सेंमीत लहान मापालाच होतं. वहीत तसं लिहायचं: “३६ च्या वर सव्वा मीटर, नाहीतर बाही मॅचिंग ऑर्गेन्झाची.” हे न लिहिल्यामुळे काय होतं? गिऱ्हाईक फोटो दाखवून जातं, पीस ठेवून जातं, आणि कात्री लावायच्या दिवशी कारागीर हात वर करतो. मग फुगा चपटा होतो, बाही तीन इंचांनी आखूड होते आणि दोष शिलाईला लागतो.

चौथी पायरी: तुकडे

फोटो कापडाबद्दल खोटं बोलतो. चमक दिव्याची असते, रंग पडद्याचा असतो, आणि पडणं, म्हणजे कापड कसं सुटतं, ते तर दिसतच नाही. म्हणून तीन इंच बाय तीन इंचाचा तुकडा, झिगझॅग कात्रीने कापलेला, वहीच्या पानाला स्टेपल करा. गोंदाने चिकटवू नका. डाग उमटतो आणि मागची बाजू बघता येत नाही. तुकड्याखाली दुकानाचं नाव, मीटरचा भाव, पन्हा आणि तारीख. घाऊक बाजारात तुकडा मागायला संकोच नको, थान उघडलेलं असेल तर बहुतेक जण देतात. नाही दिला तर पाव मीटर विकत घ्या.

प्रत्येक तुकड्याच्या तीन चाचण्या घ्या. पांढरा ओला रुमाल दहा वेळा घासा. रंग लागला तर ते कापड फिकट साडीच्या ब्लाउजला, पायपिंगलासुद्धा, वापरायचं नाही. गडद खण आणि स्वस्त रॉ सिल्क इथे पकडले जातात. मग दोन तुकडे जोडून शिवण मारा आणि दोन्ही बाजूंनी ओढा. टिश्यू आणि ऑर्गेन्झाचे धागे शिवणीपाशी सरकून जाळी पडते; अशा कापडाला ९ किंवा ११ नंबरची सुई, बारीक टाका, आतून अस्तर जोडून शिवण आणि अंगाला फार घट्ट फिटिंग नाही. तिसरी चाचणी अस्तराची. सुती अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. न भिजवता वापरलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आक्रसतं, वरचं कापड तसंच राहतं आणि मुंढ्याशी सुरकुत्या येतात. त्या इस्त्रीने जात नाहीत.

पाचवी पायरी: मोजणी

इथे बहुतेक जण मनाने निर्णय घेतात: “सगळीकडे तेच दिसतंय.” सगळीकडे म्हणजे स्वतःच्या इन्स्टाग्रामवर. ते अ‍ॅप तुम्ही जिथे थांबलात तेच पुन्हा दाखवतं. तीन रील्स पूर्ण बघितले की चौथ्या दिवसापासून दुनियेत दुसरी बाहीच उरत नाही. म्हणून गुण द्या, असे:

गिऱ्हाइकाने स्वतः फोटो आणून दाखवला: ३. घाऊक काउंटरवर “रिपीट” म्हणून सांगितलं: २. गावातल्या कार्यालयात, शाळेच्या गॅदरिंगला, हळदीकुंकवाला कुणाच्या अंगावर दिसलं: २. रेडिमेड साइटवर मधली मापं संपलेली: १. रील: ०.

शून्य हे रीलवरच्या रागाने नव्हे. रीलमधलं चांगलं असेल तर दोन आठवड्यांत कुणीतरी गिऱ्हाईक तेच मोबाइलवर घेऊन येतंच. तेव्हा तीन मिळतील.

चार आठवड्यांत एका क्रमांकाला आठ गुण झाले की नमुना शिवायला घ्या. त्याआधी नाही. आणि एकाच बाईने चार वेळा विचारलं तर ते एकदाच मोजायचं. एकाच लग्नाच्या पाच करवल्या आल्या तर त्याही एकदाच, कारण त्यांनी तो फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळून ठरवलेला असतो.

यासाठी काउंटरवर एक छोटं पॅड ठेवा. गिऱ्हाइकाने दाखवलेला प्रत्येक फोटो विचारून आपल्याकडे मागवून घ्या, त्याला क्रमांक द्या. ऑर्डर मिळाली नाही तरी. न मिळालेल्या ऑर्डरी जास्त शिकवतात: फोटो दाखवला, भाव ऐकला, “विचार करून सांगते” म्हणाली. तिथे “भाव” असं लिहून ठेवा. महिन्याअखेर एकाच डिझाइनपुढे पाच वेळा “भाव” दिसलं तर त्याची स्वस्तातली आवृत्ती काढायची: आरी वर्कच्या जागी तयार पॅच, रॉ सिल्कच्या जागी साधं आर्ट सिल्क.

सहावी पायरी: नमुना, तोही एकच

नमुना मधल्या मापाचा शिवा, पण कागदावरचं कटिंग लहान आणि मोठ्या दोन्ही मापांचं करून बघा. घड्याळ लावा. समजा अस्तराच्या साध्या ब्लाउजचे तुम्ही ६०० घेता आणि त्याला अडीच तास लागतात. फुग्याच्या चुण्या, आत उभारीला नेटची पट्टी आणि कोपराशी बाहीच्या काठाची पट्टी यांत आणखी सव्वा तास गेला. तुम्ही ७०० लावले, तर वेळ दीडपट झाला आणि पैसे सहाव्या हिश्श्याने वाढले. त्या ब्लाउजवर तुमची तासाची कमाई साध्यापेक्षा कमी आहे, आणि तो जितका चालेल तितकं नुकसान. वेळाच्या हिशोबाने तो ९०० चा आहे. नवीन डिझाइन खपतं आणि तरी महिन्याअखेर हातात काही राहत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच.

नमुना खुंटीला टांगा, बघणाऱ्यांची संख्या मोजा. तीन आठवड्यांत तीन ऑर्डरी आल्या तर कापड घ्या, तेही पाच मीटरच्या आत. सुरतेहून तयार माल घेत असाल तर तिथे सहसा सेटमध्येच मिळतो: कॅटलॉगमधली सगळी डिझाइनं किंवा सगळी मापं मिळून. त्यातले दोन नग चालणारे आणि चार खुंटीवर राहणारे. गावातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानदाराशी बोलून सेट वाटून घेता आला तर उत्तम.

वर्षाचं गणित उलटं मांडा

लग्नाच्या ब्लाउजला हातकाम असेल तर कामाला दहा-पंधरा दिवस, शिलाईला चार, ट्रायल आणि दुरुस्तीला चार. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तासाठी ऑर्डर दसऱ्याच्या आसपास हवी, म्हणजे नमुना खुंटीला ऑगस्टअखेर. जुलैतला कूचर वीक याचसाठी सांगितला. दिवाळीत सुरतेचा बाजार लाभपंचमीपर्यंत तरी बंद राहतो, आणि कारागीर गावी गेलेले असल्याने रंगाई-छपाईच्या मिला त्याहून उशिरा पूर्ववत होतात. “दिवाळी झाली की मागवू” म्हणणाऱ्याला माल लग्नं निघून गेल्यावर मिळतो.

पंचांग भिंतीवर टांगा. पौषात बऱ्याच घरी लग्नं होत नाहीत. ते दिवस संक्रांतीच्या काळ्या ब्लाउजचे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे एरवी ऐन गर्दीचा तो महिना मुहूर्तांविना. त्या वर्षीच्या उन्हाळी लग्नसराईचं काम एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात दाटणार. अशा वर्षी वेळखाऊ नवीन डिझाइन मार्चनंतर घेऊच नये.

बाद करणं

दर तीन महिन्यांनी वही उघडून ज्या क्रमांकाला नव्वद दिवसांत एकही गुण नाही त्यावर लाल तिरपी रेघ मारा आणि तारीख घाला. पान फाडू नका. खण बघा: एकेकाळी फक्त चोळीचं कापड, मग कितीतरी वर्षं कुणी विचारत नव्हतं, आणि आता त्याच्या साड्या, कुर्ते, पर्स सगळं. जुनं पान असेल तर पुन्हा मागणी आल्यावर कापड किती लागतं इथपासून सुरुवात करावी लागत नाही.

नक्कल कुठपर्यंत

गळ्याचा आकार, फुग्याची बाही हे कुणाच्या मालकीचं नाही. पण डिझाइन कायदा, २००० खाली नोंदवलेलं नवं डिझाइन दहा वर्षं, आणि वाढवून घेतलं तर आणखी पाच वर्षं संरक्षित असतं. नोंदणीयोग्य असून न नोंदवलेलं डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर ५० हून जास्त वेळा काढलं गेलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. स्वतःची छापाची नक्षी नोंदवायची असेल तर आधी अर्ज, मग इन्स्टाग्राम. आधी जगजाहीर झालेलं डिझाइन नवं धरत नाहीत. दुसऱ्या बुटीकचा फोटो आपल्या स्टेटसला “आमचं काम” म्हणून टाकणं तर सरळ चोरी, आणि लेन्स गिऱ्हाइकाकडेही आहे.

भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे ठराविक भागातल्या अस्सल मालालाच लावता येणाऱ्या नावांबाबत अधिक जपा. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला नाव न घेता दाखवल्या, आणि आपल्याकडे उठलेल्या गदारोळानंतर कंपनीला प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य करावं लागलं. तोच नियम आपल्यालाही आहे. यंत्रमागावरच्या मोराच्या काठाला पैठणी म्हणायचं नाही. वहीत, टॅगवर आणि बिलावर “सेमी पैठणी” असंच लिहा.